ओरडणारा बूट

केरोका
३ फेब्रुवारी

ओंचिरी,

तुझ्याशी फोनवर बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही. अडचणीचा प्रश्न आला की तुझं नेटवर्क जातं आणि पैसे माझे संपतात. म्हणून हे पत्र. नैरोबीच्या बसचा कंडक्टर केळ्यांची एक फणी घेतो आणि कागद नेऊन हातात देतो. कागदाला तुला 'आवाज येत नाही' असं म्हणता येणार नाही.

मोसेतीमामाच्या मयतीत तुझ्या हातात माईक गेला तेव्हाच मी तो काढून घ्यायला हवा होता. आमदार बोलून झाला होता, चर्चची मंडळी बोलून झाली होती, लोकांना भुका लागल्या होत्या, आणि मामा बिचारा पेटीत खोळंबला होता. तू मामाबद्दल दोन शब्द बोलशील असं वाटलं, तर तू माझ्या पायाबद्दल बोललास. "माझ्या बहिणीच्या पायांना काही जाणवत नाही. मी असा बूट बनवणार आहे, की एका जागी भार जास्त पडला की बूटच ओरडेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मयतीत टाळ्या मिळवणारा आपल्या कुळात तू पहिलाच.

तेव्हापासून मला बाजारात तोंड दाखवायची सोय नाही. बाई केळी घ्यायला येते, आधी माझ्या पायाकडे बघते आणि विचारते, ओरडला का? मी म्हणते, अजून नाही, बहुतेक लाजतोय.

हसण्यावारी नेते, पण तुला माहीत आहे ते पुन्हा सांगते. साखरेच्या आजारात डाव्या पायाचा अंगठा गेला, तो गेला. आता खडा रुतला काय, खिळा घुसला काय, घरी येऊन रक्त दिसलं की मगच मला कळतं. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, डाव्या पायाला परत जखम होऊन चिघळली तर बोटावर भागणार नाही, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. तर बूट कुठवर आलाय? की माईकबरोबर तोही परत देऊन टाकलास?

तुझी,
बोसिबोरी


नैरोबी
१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. कंडक्टरनं ते कल्पनाघराच्या, म्हणजे आम्ही नव्या वस्तू बनवायला बसतो त्या जागेच्या, दारात उभं राहून, माझं नाव मोठ्यानं ओरडून दिलं. इथे असं कुणी ओरडत नाही. इथे आम्ही जमिनीवर ठेवलेल्या मोठमोठ्या उशांवर बसतो, फुकटची कॉफी पितो आणि हळू आवाजात देशाचे प्रश्न सोडवतो. पगाराचा प्रश्न तेवढा अजून कुणी सोडवायला घेतलेला नाही.

बूट लाजत नाहीये, ताई. बूट आहे, बॅटरी आहे, टाचेत बसेल एवढा भोंगा आहे. अडलंय एकाच ठिकाणी. भार ओळखणारा तुकडा हवा, त्याला सेन्सर म्हणतात. तो नखाइतका पातळ हवा, कारण तळव्याखाली जाड काही घातलं तर तेच टोचून जखम करील, आणि मग बूट स्वतःच्याच नावानं ओरडत बसेल. असे चार तुकडे लागतात. एक टाचेखाली, एक बाहेरच्या कडेला, दोन बोटांच्या मुळाशी. ते अमेरिकेहून येतात. एकाची किंमत सांगत नाही, फक्त एवढंच सांगतो की त्यात एक बरी बकरी येते.

म्हणून मी लुथुली अव्हेन्यूवरची विजेच्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. पहिल्यानं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याच्या पोटातला लोखंडी ठोकळा काढून दिला. मी म्हटलं, पातळ हवाय. तो म्हणाला, आडवा धरलाय म्हणून जाड दिसतोय. दुसऱ्यानं दाराच्या घंटीचं बटण दिलं. तिसरा न्जोगू नावाचा, त्याचा चेहरा बिशपसारखा आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, बहिणीला सांग, जपून चाल. मग त्यानं मला एक टेबलफॅन विकला. कसा विकला ते अजून माझ्या लक्षात येत नाही. पंखा चांगला आहे.

आमचे संचालक मुतुगी साहेब तुझ्या पायावर फार खूश आहेत. मे महिन्यात एका मोठ्या हॉटेलात स्पर्धा आहे, नवीन वस्तू बनवणाऱ्यांची. ते म्हणतात, 'स्वस्त' हा शब्द वापरू नकोस, 'सर्वांना परवडणारा' म्हण, पाहुण्यांना तो आवडतो.

तोवर तू चालू नकोस. बाजार बंद ठेव. केळी काही पळून जात नाहीत.

तुझा,
ओंचिरी


केरोका
२४ फेब्रुवारी

ओंचिरी,

तुझं पत्र शेजारच्या न्याबोकेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एका बुटात चार बकऱ्या, म्हणजे तो ओरडणार कशाला, बेंबेंच करील की. मला हसू आवरेना. मग पंख्याचं वाचलं आणि हसू आपोआप आवरलं. बहिणीच्या पायासाठी बाजारात गेलास आणि स्वतःला वारा घालून घेऊन आलास. धन्य आहे.

केळी पळून जात नाहीत, असं लिहितोस. आयुष्यभर केळी खाऊन मोठा झालास, शिकलास, पण केळी काळी पडतात एवढं तुझ्या डोक्यात शिरलं नाही. तरी पण तुझा शब्द मोडला नाही. मी आता चालत नाही. परवा बाजारात त्या उंच टेकाडावरून उतरताना, म्हणजे न्याबोके उतरत होती आणि मी नुसती बाजूला बसले होते, तेव्हा सगळे म्हणत होते की बोसिबोरी आता कशी छान बसून असते.

एक बातमी. आपल्या गावच्या सरकारी चीफनं मला पिशवीबंदी समितीची अध्यक्ष केलंय. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या सरकारनं बंद केल्या, पण बाजारात त्या अजून निघतात, पदराआडून, टोपलीच्या तळातून. आम्ही पाच बायका हिरवा पट्टा लावून फिरतो. म्हणजे त्या फिरतात आणि मी बसून हुकूम सोडते. मागच्या आठवड्यात सुक्या मासळीवाल्याला धरलं. तो म्हणाला, आजी, मासे काय खिशात घालू? मी म्हटलं, आजी कुणाला म्हणतोस? आणि दंडाची भीती घातली. दंडापेक्षा 'आजी' म्हटल्याचा राग जास्त होता, पण ते समितीला कळलं नाही.

तुझ्या मुतुगी साहेबाला सांग, माझ्या पायावर मी स्वतःसुद्धा एवढी खूश नाही.

बोसिबोरी


नैरोबी
२० मार्च

ताई,

उशीर झाला, पण कारण ऐकशील तर रागावणार नाहीस. सापडला. सेन्सर सापडला, आणि तो फुकट आहे.

आधी फजिती सांगतो. कुणा परदेशी देणगीदारानं ते अमेरिकेचे दोन तुकडे पाठवले. मी म्हटलं, बुटात बसवतो. मुतुगी साहेब म्हणाले, आधी फोटो. मग ते स्वतः बूट काढून, मोज्यासकट, त्या तुकड्यांवर उभे राहिले. साहेबांचं वजन मी विचारलं नाही, पण ते खुर्चीवर बसतात तेव्हा खुर्ची आधी थोडा विचार करते. फोटोवाल्यानं पाच वेळा सांगितलं, साहेब, जरा दाबल्यासारखं करा. साहेबांनी दाबलं. दोन्ही तुकडे कायमचे मुके झाले. फोटो चांगला आलाय.

ते तुकडे वाया गेले म्हणून वैतागून मी बाकीचे सुटे भाग मोजत बसलो होतो. ज्या काळ्या पातळ पिशवीत ते चिमुकले भाग गुंडाळून येतात, ती पिशवी मी नेहमी चुरगाळून टोपलीत टाकतो. या वेळी वीज तपासायच्या मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये ती चुकून आली आणि वर माझं कोपर पडलं. मीटरचा आकडा घसरला. कोपर उचललं, आकडा वर. मी परत दाबलं. ताई, मी अर्धा तास त्या कचऱ्यावर कोपर ठेवत आणि उचलत बसलो होतो. शेजारच्या उशीवरची पोरगी घाबरून दुसरीकडे जाऊन बसली.

त्या काळ्या प्लास्टिकात काजळीची पूड मिसळलेली असते. दाबलं की तिचे कण जवळ येतात आणि वीज सुखानं पलीकडे जाते. गुलाबी पिशव्या पाहिल्या, त्या कामाच्या नाहीत. चंदेरीही नाहीत. फक्त काळी. वर-खाली तांब्याची पातळ पट्टी लावली की झाला सेन्सर. खरं सांगतो, आकडा नेमका देत नाही, सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरं. वजन मोजायला निकामी. पण आपल्याला कुठे वजन मोजायचंय? आपल्याला ओरडायचंय, आणि ओरडायला तेवढं पुरतं.

न्जोगूकडे गेलो. म्हटलं, त्या काळ्या पिशव्या टाकतोस त्या दे. पहिल्या दिवशी त्यानं हसून दिल्या. दुसऱ्या दिवशी हसला नाही. तिसऱ्या दिवशी त्या काउंटरच्या काचेत मांडलेल्या होत्या आणि त्यावर किंमत लिहिलेली होती. पंख्याच्या आठवणीनं मी गप्प बसलो आणि दोन मोठे ताव घेतले.

तुझा पाय इथून मापता येत नाही, म्हणून सगळं सुटं पाठवतोय. काळे ताव, तांब्याची पट्टी, भोंग्याची डबी. तुझ्या सॅंडल बनवणाऱ्या मोचीकडे ने. त्यानं चपलेच्या आतल्या पानाच्या मापानं ताव कापायचा आणि कुठे काय चिकटवायचं ते मी चित्र काढून पत्रात दिलंय. ताव अजिबात घडी घालू नका. सामान या खेपेला बसनं निघालंय.

तुझा हुशार भाऊ


केरोका
२ एप्रिल

माझ्या हुशार भावा,

आधी उठून स्वतःच्या कपाळावर एक हात मारून घे, म्हणजे मला केरोक्याहून यायला नको.

तुझं पार्सल आलं तेव्हा आमच्या समितीची सभा चालू होती. चीफच्या कचेरीसमोर, झाडाखाली, निम्मा बाजार गोळा झालेला. आम्ही जप्त केलेल्या पिशव्यांचा ढीग मध्ये होता. जाळू नका, धूर वाईट असतो, असं शिकलेले लोक सांगतात, पण चीफला ढीग पेटलेला आवडतो, लोकांना दिसतं. मी भाषण करत होते. मी म्हणत होते, पिशवी लपवणारा कितीही मोठ्या घरचा असो, बोसिबोरी त्याला सोडणार नाही.

तेवढ्यात कंडक्टर आला आणि माझ्या मांडीवर खोकं ठेवून म्हणाला, नैरोबीहून, तुमच्या इंजिनिअरकडून. बायका म्हणाल्या, बूट आला, उघडा, उघडा. मी खोकं उघडलं. वरच दोन मोठाले, काळे, चकचकीत, पातळ प्लास्टिकचे ताव. अध्यक्षांच्या मांडीवर, सगळ्या बाजारासमोर.

तो सुक्या मासळीवाला पुढे झाला, ताव बोटांत धरून चोळून पाहिला आणि फार नम्रपणे म्हणाला, "आजी, हे कुणाचं?"

मी काय करणार होते? मान खाली घालून 'माझ्या भावाचं' म्हणणार होते? मी उठले, ते दोन्ही ताव घेतले, ढिगावर टाकले आणि माझ्या हातानं काडी लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या घराण्याला टाळ्यांचं वेड आहे. चीफनं माझं उदाहरण घ्या असं सांगितलं. काळा धूर पार चर्चपर्यंत गेला.

मग घरी येऊन खोक्यात खाली हात घातला, तर तळाशी तुझं पत्र. तळाशी, ओंचिरी. एवढी वर्षं शिकून पत्र वर ठेवावं हे कुणी शिकवलं नाही? ते पत्र मी वाचलं तेव्हा तुझा सेन्सर चर्चच्या कौलांवर बसलेला होता.

हसतेयस ना, असं न्याबोके विचारते. हसतेय. पण मनात वाईट वाटलं, खरंच. तू शोधलास तेव्हा किती आनंदानं लिहिलंस ते दिसत होतं. दुसरा ताव पाठव. या वेळी मी कुणासमोर उघडणार नाही. आणि लवकर कर. डावी चप्पल हल्ली घट्ट होतेय, पावसात भिजून आटली असावी.

बोसिबोरी


नैरोबी
९ एप्रिल

ताई,

कल्पनाघरात मी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. सगळे पोट धरून हसले. मुतुगी साहेबांना तर ठसका लागला. ते म्हणाले, ही गोष्ट स्पर्धेत सांगायची, पाहुणे वेडे होतील. कायद्यात खरं तर कारखान्यातून मालाला गुंडाळून आलेलं प्लास्टिक चालतं, पण हे मी आता कुणाला सांगू, धुराला?

न्जोगूकडचे ताव संपले. लुथुलीवर आता प्रत्येक पोरगा बूट बनवणार म्हणून काळी पिशवी शोधतोय, कारण न्जोगूनं सगळ्यांना सांगितलं की या पिशवीत काहीतरी आहे. काय आहे ते त्याला माहीत नाही, पण किंमत त्यानं ठरवली. मला कसाबसा एक तुकडा मिळाला. त्यातून मी एक डावा बूट पुरा केला, तू मागे इथे आली होतीस तेव्हाच्या तुझ्या चपलेच्या अंदाजे मापावर. घालून चाललो. एका जागी भार दिला की असा कर्कश ओरडतो की रखवालदार शिट्टी घेऊन धावत आला.

आता ऐक, आणि चिडू नकोस. हा बूट मी लगेच पाठवणार होतो. पण साहेब म्हणतात, एकच बूट आहे, तो स्पर्धेत दाखवला तर शंभर बुटांचे पैसे मिळतील, तुझ्यासारख्या शंभर बायकांना मिळतील. स्पर्धा तीन मे रोजी. मला ते पटलं. तुझ्याच बुटावर एवढं अवलंबून आहे, तर फक्त तीन आठवडे थांब. चप्पल आटली असेल तर एक मोठी घे, तोवर चालेल.

अजून एक. साहेबांना फलकासाठी तुझ्या पायाचा फोटो हवाय. अंगठा नाही ते नीट दिसेल असा. न्याबोकेच्या फोनवर काढून पाठव. जमलं तर मागे केळीची झाडं असू देत.

तुझा,
ओंचिरी


केरोका
१५ एप्रिल

ओंचिरी,

फोटो पाठवत नाही. माझा अंगठा गेला तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता, आता तो नाही याचा फोटो काढून काय करू? साहेबाला म्हणावं स्वतःचा पाय लाव फलकावर. दोन बकऱ्या चिरडलेला पाय आहे, त्याला इतिहास आहे.

केळीची झाडं मागे हवीत म्हणे. माझ्या मागे मुलं असतात, कर्ज असतं, चीफ असतो. झाडं पुढे असतात, मला ती तोडायची असतात.

शंभर बायकांचं ऐकलं. त्यांच्या आड मी येणार नाही. थांबते. चप्पल मोठी घेतली नाही, कापून रुंद केली.

मी काही दिवस किसीला वहिनीकडे जातेय, जरा काम आहे. पत्र आलं तर न्याबोके घेऊन ठेवील.

बोसिबोरी


नैरोबी
६ मे

ताई,

दुसरं बक्षीस. पहिलं एका माणसाला मिळालं, त्यानं गाईच्या गळ्यात घालायचा फोन बनवलाय. गाय तो उचलत नाही, पण त्यातून गाण्याचे सूर येतात.

तुला पाहायला हवं होतं. व्यासपीठावर मी बूट घातला, दाबलं, आणि तो असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातातला रस सांडला. हॉलभर टाळ्या. साहेब बोलले. 'खेड्यातली एक अशिक्षित माता' असं ते तुझ्याबद्दल म्हणाले. मी नंतर सांगितलं की ती आठवीपर्यंत शिकली आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. ते म्हणाले, तसं सांगितलं तर पाहुण्यांचं मन भरून येत नाही.

बक्षीस म्हणून पुठ्ठ्याचा धनादेश मिळाला, दारापेक्षा रुंद. तो आडवा करून बाहेर काढावा लागला. खरे पैसे कल्पनाघराच्या खात्यात यथावकाश येतील, असं साहेब म्हणतात. शंभर बुटांचं बोलणं पुढच्या टप्प्यावर गेलंय. त्या टप्प्यात काय असतं ते मी विचारलं, तर उत्तर मिळालं की ते ठरवण्यासाठी एक सभा आहे.

बूट माझ्याकडे आहे. पाहुण्यांना परत एकदा फोटो हवेत, ते झाले की तो घेऊन मीच येतो. तू एवढे दिवस गप्प का? मी न्याबोकेला फोन लावला, तर तिचंही नेटवर्क गेलं. ही सवय तिला कुणी लावली?

ओंचिरी


किसी
१४ मे

ओंचिरी,

न्याबोकेनं तुझं पत्र इथे वॉर्डात आणून दिलं. तिच्यावर चिडू नकोस, फोन बंद कर असं मीच तिला सांगितलं होतं.

वहिनीकडे गेले नव्हते. दवाखान्यात आले होते. चप्पल पावसात आटली नव्हती, पाय सुजला होता. बोटांच्या मुळाशी, जिथे तू दोन तुकडे लावणार होतास बरोबर तिथेच, खाली जखम झाली होती. केव्हा झाली ते मला माहीत नाही. मला कळलं ते वासावरून. डॉक्टरांनी औषधं दिली, साफ केली, थांबून पाहिलं. तुझ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी डावा पाय गुडघ्याखालून काढला.

मी खूप रडले. हे मीच लिहितेय, नाहीतर कुठल्या तरी मयतीत तू माईकवरून सांगशील. तुझा राग आला. अजूनही आहे. भूल उतरत असताना मी तुला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि म्हणाली, ओंचिरी कोण? मी म्हटलं, माझा भाऊ, फार हुशार आहे.

चालत नाही असं मी तुला लिहीत होते आणि रोज टेकाड उतरत होते, हेही खरं आहे. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता त्यावर बोलून पाय उगवणार नाही.

डॉक्टर म्हणतात, इथून पुढे सगळा भार उजव्यावर. तोही डाव्यासारखाच बहिरा आहे, आणि आता दोघांचं काम तो एकटा करणार. म्हणून मला उजवा बूट कर. काळा ताव कुठून आणतोस ते तू आणि न्जोगू बघून घ्या. मला त्यावर काही नको, फलक नको, पाहुणे नकोत, माझं शिक्षण किती हेसुद्धा नको. टाचेत भोंगा हवा आणि तो मोठ्यानं ओरडायला हवा. बाजार हसेल तर हसू दे. अध्यक्ष मी अजून आहे, चीफ परवा येऊन हिरवा पट्टा खाटेला बांधून गेला.

आणि बक्षीस मिळवलेला डावा बूट घरात मांडून ठेवू नकोस. माझ्या मापाचा डावा पाय मी या वॉर्डात शोधला. शेजारच्या खाटेवर सापडला. क्वाम्बोका तिचं नाव, न्यामाचे गावची, चहाच्या मळ्यात पानं खुडते. तिच्या डाव्या पायाची जखम भरलीये, पाय वाचलाय. आम्ही दोघींचे तळवे कागदावर ठेवून पाहिले, माझा आता एकच असल्यामुळे उजवा उलटा करून, आणि माप जमलं. तिला सोमवारी घरी सोडतायत. मी विचारलं, घरी गेल्यावर बसून राहशील ना? ती म्हणाली, हो, बसूनच राहीन. अगदी माझ्यासारखं म्हणाली.

मंगळवारी ती मळ्यात उभी असणार आहे. तर तो बूट उद्याच्या बसनं पाठव, कंडक्टरला केळी मी देईन. पत्र वर ठेव. आणि तिला तीन आठवडे थांब असं सांगू नकोस.

तुझी ताई,
बोसिबोरी